शीतगोदामातली रंगीत तालीम

इथे आखातात, रास अल खोरच्या कारखान्यांच्या वस्तीत आमचं वर्कशॉप आहे, तिथल्या पत्र्याच्या दाराला उन्हाळ्यात उघडा हात लावता येत नाही. त्या पत्र्याआड उभं राहून आम्ही माणसं थंडीने मरू नयेत म्हणून सामान भरतो. नव्याने कामाला लागलेल्यांना याचं हसू येतं. मग एखाद्या तराफ्याची उसवलेली शिवण त्यांच्या हाताला लागते, आणि हसू थांबतं.

आमचं काम म्हणजे जहाजांवरची जीव वाचवायची साधनं तपासून पुन्हा बांधून देणं. फुगवायचे तराफे, लाइफजॅकेट, सूट, लाइफबोटीतलं खाणंपिणं. बहुतेक गिऱ्हाइकं म्हणजे आखातातल्या तेलविहिरींना सामान नेणाऱ्या बोटी. त्यांच्या लोकांना पाण्यात पडायची भीती असते, थंडीची नसते. पण रास अल खैमाच्या गोदीत दुरुस्तीला आलेलं एखादं लहान प्रवासी जहाज अधूनमधून आमच्याकडे सामान पाठवतं, आणि ते जहाज तिथून थेट दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या बर्फाकडे जाणार असतं. त्याचं सामान वेगळं. त्या समुद्रासाठी नियमच असं धरून चालतो की जहाज सोडावं लागलं तर निदान पाच दिवस मदत येणार नाही. तेवढे दिवस माणसाने तराफ्यात किंवा बर्फावर जिवंत राहायचं. त्यासाठी दर माणसामागे एक पिशवी. लोकरीचे आतले कपडे, कानटोपी, जाड हातमोजे, काळा चष्मा, तोंडाला लावायचं मलम, शिट्टी, मग, लहान चाकू. शिवाय प्रत्येकाला एक सूट. हा सूट म्हणजे पायातल्या बुटांपासून डोक्यावरच्या टोपीपर्यंत एकच जाड, रबरासारखं आवरण, छातीवर एक लांब चेन. चेन गळ्यापर्यंत गेली नाही तर पाणी आत शिरतं, आणि त्या पाण्यात मग सूटचा उपयोग राहत नाही. सूट दोन मिनिटांत, कोणाच्या मदतीशिवाय चढवता आला पाहिजे. हाही नियमच.

गेल्या ऑगस्टात असंच एक जहाज आलं, आणि त्यावर माझा नवरा फिटर म्हणून जाणार होता.

तो आधी गोद्यांमध्ये लोखंड घासायचा ग्राइंडर चालवायचा, मग जहाजांवर इंजिनरूममध्ये गेला. शेवटचं कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर वर्षभर त्याला काम मिळालं नव्हतं. देऱ्यातल्या, म्हणजे शहराच्या जुन्या भागातल्या, आमच्या फ्लॅटमधला प्रत्येक नळ त्याचा खोलून झाला होता. शेजाऱ्यांचेही झाले होते. किनाऱ्यावर बसलेला फिटर घरात कसा असतो ते ज्यांनी बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको. हे जहाज मिळालं त्या दिवशी त्याने दाढी केली आणि मी न सांगता भाजी आणली.

“तुझंच पॅकिंग आणि तुझाच नवरा,” तो जेवताना म्हणाला. “माझ्या पिशवीत चॉकलेट जास्तीचं टाक.”

“पिशव्यांवर नावं नसतात.”

“मग सगळ्यांच्याच टाक.”

आमची मुलगी फोनवरून डोळे न काढता म्हणाली, “डॅडी, यू हेट कोल्ड. यू डोन्ट इव्हन टच द फ्रीझर.”

“फ्रीझरमध्ये पगार देत नाहीत,” तो म्हणाला.

ते खरं होतं. फ्रीझरमधली मासळी काढायची असली की तो मला हाक मारायचा. पाण्याची गार बाटली रुमालात धरायचा. मी त्याला कामचुकारपणा समजायचे. वसईला आमच्या घरी पुरुष मासळीला हात लावत नाहीत, तसलंच काहीतरी.

जहाजाच्या लोकांचा सराव घ्यायचं काम त्यांच्या सेफ्टी ऑफिसरचं. तो बांद्र्याचा होता, मोजकं बोलायचा. सामान आमचं म्हणून मी बाजूला उभी असते. पहिला सराव एका ट्रेनिंग सेंटरच्या तलावात झाला. पाणी चहासारखं गरम. सूट घालून लोक घामाने निथळले, एकमेकांचे फोटो काढले आणि सगळे पास झाले.

परतताना सेफ्टी ऑफिसर म्हणाला, “मॅडम, यांच्यातल्या निम्म्यांना थंडी म्हणजे मॉलचा एसी वाटतो. तिकडे पोचल्यावर शिकवायला वेळ नसतो.”

“थंडी आपल्याकडे आहे,” मी म्हटलं. “आमच्या मागच्याच रस्त्यावर.”

मागच्या रस्त्यावर मासळीचं शीतगोदाम होतं. त्याचा मुकादम म्हसळ्याकडचा, पांढऱ्या दाढीचा. आमच्या वर्कशॉपला बर्फ लागला तर त्याच्याकडूनच यायचा. मी त्याला विचारलं तेव्हा तो हिशेबाच्या टेबलावरून उठला नाही.

“ताई, इथं सुरमय ठेवतात, पापलेट ठेवतात. माणसं ठेवायची परवानगी नाय.”

“ठेवायची नाहीत, चाचा. आत जातील, कपडे घालतील, बाहेर येतील.”

“आणि एखादा आडवा झाला तर?”

“तर दारात मी उभी असेन. दार लावायचं नाही. कडीवर एक माणूस कायम.”

त्याने खूप वेळ दाढी कुरवाळली. त्याचा स्वतःचा भाऊ बोटीवर होता, परत आला नव्हता, एवढंच मला माहीत होतं. कुठल्या बोटीवर ते मी कधी विचारलं नाही.

“जुम्म्याला नमाजनंतर या,” तो म्हणाला. “गोदाम बंद असतं. मालकाला मी सांगतो, नाहीतर नाय सांगत. बघू.”

शुक्रवारी दुपारी गाडी भरून लोक आले. बाहेर रस्ता वितळत होता. आतला काटा उणे अठरावर. दाराला प्लास्टिकच्या जाड पट्ट्या लोंबत होत्या, त्यांच्यापलीकडे पांढरा धूर आणि खोक्यांच्या रांगा. दोघांनी एका वेळी आत जायचं ठरलं. आधी हात बर्फाच्या पाण्यात बुडवायचे, कारण जहाज सोडणाऱ्या माणसाचे हात कोरडे नसतात. मग साधे ओले हातमोजे चढवायचे, आत जाऊन पिशवी उघडायची, त्यातले कोरडे हातमोजे काढून घालायचे, सूट चढवायचा, चेन गळ्यापर्यंत ओढायची.

पहिल्या जोडीत जहाजावरचा आचारी होता. गोल चेहऱ्याचा, सतत बोलणारा. आत गेल्यावर त्याचं बोलणं थांबलं. मला पट्ट्यांमधून दिसत होतं. तो पिशवी उलटीपालटी करत होता. मग त्याने दातांनी ओढायला सुरुवात केली. त्याच्याबरोबरचा पिशवी जमिनीवर आपटत होता.

“काय झालं?” मी ओरडून विचारलं.

“टेप, मॅडम. टोक सापडत नाय.”

“चाकूने काप.”

आत पिशवी आपटायचा आवाज थांबला.

“चाकू पिशवीत आहे,” आचारी म्हणाला.

बाहेर उभ्या लोकांमध्ये एकजण हसला. सेफ्टी ऑफिसरने त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो थांबला.

टेप ही आमच्याकडची पद्धत. रास अल खोरची धूळ पिठासारखी असते, बंद कपाटात शिरते, चेनच्या दातांत बसते. म्हणून भरलेल्या प्रत्येक पिशवीच्या तोंडाला आम्ही तपकिरी टेपचे तीन वेढे घालतो आणि टोक अंगठ्याने घासून सपाट करतो. टोक दिसलं नाही म्हणजे काम चोख. तेलविहिरींच्या बोटींवर याची कधी कोणी तक्रार केली नाही. तिथे टेप उन्हाने मऊ असते आणि बोटं उघडी. माझ्या आधीपासून हे चालत होतं, मी चालू ठेवलं होतं. थंडीत तीच टेप पत्र्यासारखी झाली. मोजे घातलेल्या बोटांना टोक लागेना, आणि मोजे काढले तर ती बोटं पुढच्या कामाची राहिनात.

त्या दिवशी एकही जोडी पास झाली नाही. माझा नवराही आत जाऊन आला. त्याचीही पिशवी उघडली नाही. तो बाहेर आला आणि हात खिशात घालून भिंतीला टेकून राहिला. सगळेच नापास झाले होते, म्हणून कोणी कोणाकडे नीट बघत नव्हतं. मीही बघितलं नाही. माझं डोकं टेपमध्ये होतं.

सोमवारी सगळ्या पिशव्या पुन्हा टेबलावर आल्या. आमच्याकडचा सगळ्यात जुना कामगार पेशावरकडचा. त्याने ढिगाकडे बघितलं.

“पूरा खोलना है, मॅडम?”

“पूरा.”

“एक महिना हमने बंद किया, अब हम ही खोलें.”

“पाण्यात कोण खोलणार, मग?”

“यल्ला, चलो,” तो म्हणाला आणि कात्री घेतली.

टेप पूर्ण काढून टाकता येईना, धूळ काही कमी होणार नव्हती. तेव्हा टेपच्या खालून एक पट्टी घालायची असं ठरलं. बाद झालेल्या लाइफजॅकेटांच्या लाल पट्ट्या कापल्या, एक टोक आत शिवलं, दुसऱ्याचा मनगट जाईल एवढा फास बाहेर ठेवला. फासात हात घालून ओढलं की टेप आतून फाटते. बोटांची गरज नाही. चाकू पिशवीच्या बाहेरच्या खिशात आला, दोरीला बांधून. सूटच्या चेनला मेण लावून ती एका बोटाने सरकेल अशी केली, आणि प्रत्येक चेनच्या टोकाला दोरी आणि लहान लाकडी खुंटी बांधली. वर्कशॉपमधल्या प्रत्येकाने डोळे मिटून, हातात गरम भांडी उचलायचे जाड मोजे घालून पिशवी उघडून बघितली. मग बंद केल्या.

पुढच्या शुक्रवारी मुकादमाने आम्हाला बघून फक्त मान हलवली. या वेळी त्याने स्वतः बर्फाच्या पाण्याची बादली भरून ठेवली होती.

एकामागून एक जोड्या पास होत गेल्या. सेफ्टी ऑफिसरच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे, पण तो घड्याळाकडे कमी बघायला लागला होता. शेवटच्या जोडीत आचारी आणि माझा नवरा. आचाऱ्याला आधीच्या आठवड्याचं उट्टं काढायचं होतं. आत गेल्यावर क्षणात तो सूटमध्ये पाय घालून उड्या मारत होता.

नवऱ्याने फासात मनगट घातलं, ओढलं, टेप फाटली. कोरडे हातमोजे काढून चढवले. सूटमध्ये पाय, हात, टोपी. मग त्याने चेनची खुंटी धरली आणि ती निसटली. पुन्हा धरली, निसटली. तिसऱ्या वेळी त्याने दोन्ही तळहातांमध्ये ती दाबून ओढायचा प्रयत्न केला. चेन पोटापर्यंत आली आणि अडली. त्याने उजवी बाही मागे सारून मोजा काढला आणि हाताकडे बघत उभा राहिला, जसं एखादं अवजार चालत नसलं की बघतो तसं.

मला दारातून बोटं दिसली. मधल्या पेरापासून पुढे पांढरी, पापलेटच्या पोटासारखी. रेघ मारावी इतकी स्पष्ट हद्द होती. मागे खोक्यांत पापलेटच होती.

आचाऱ्याची चेन गळ्यापर्यंत लागली होती. त्याने सहज हात पुढे केला, नवऱ्याची खुंटी धरायला.

“हात लावू नको,” मी म्हटलं.

“मॅडम, एवढंच राहिलंय.”

“लावू नको.”

तो माझ्याकडे बघत राहिला. बाहेरचेही बघत होते. मग वेळ संपली आणि मी दोघांना बाहेर बोलावलं.

उन्हात येऊन नवऱ्याने हात काखेत धरले. बोटं आधी निळसर झाली, मग लाल, आणि तेव्हा त्याने ओठ आवळले. दुखत असणार. सेफ्टी ऑफिसरला तो म्हणाला, “चेन कडक आहे, सर. मेण कमी पडलंय.”

मी सूट उचलला आणि करंगळीने चेन वर नेली, खाली आणली. सेफ्टी ऑफिसरने ते बघितलं की नाही, मला कळलं नाही. त्याला त्याच वेळी गोदीतून फोन आला आणि तो बोलत गाडीकडे गेला. सूट गाडीत भरले गेले. नवरा माझ्या गाडीत बसला.

सिग्नलला थांबल्यावर मी विचारलं, “कधीपासून?”

“काय?”

“बोटं.”

त्याच्या बाजूला वळलेली एसीची जाळी त्याने खिडकीकडे फिरवली. “मागच्या कॉन्ट्रॅक्टला सुरू झालं. थंडीत गेलो की. ग्राइंडरमुळे असेल. इथे नाही होत.”

“इथे कसं होईल? इथे बर्फ विकत आणावा लागतो.”

“फिटर इंजिनरूममध्ये असतो. तिथे इथल्यापेक्षा गरम असतं, तुला माहीत नाही.”

“इंजिनरूममध्ये असशील तोवर तुला माझी पिशवी लागणारच नाही. पिशवी बाहेर पडल्यावरची आहे.”

“बोटीत एकटा नसतो कोणी. चेन ओढायला कोणीतरी असतंच.”

“त्याची बोटं तेवढ्या वेळात गार होतात. मग त्याची कोण ओढणार?”

सिग्नल सुटला. मी ट्रकांच्या रांगेतून गाडी बाहेर काढली.

“तू सांगणार त्यांना?” त्याने विचारलं.

“सेफ्टी ऑफिसरने मला विचारलं तर बघितलं ते सांगेन.”

“आणि नाही विचारलं तर?”

“उद्या सकाळी मी फोन करेन. त्याच्या आधी तू कर.”

“वर्षभर घरात बसलोय मी,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही.

“बसलायस ते मला दिसतंय.”

यापेक्षा मऊ काही बोलता आलं असतं. पण तेवढ्याने त्याची चेन वर गेली नसती.

घरी आल्यावर मी भात टाकला. तो स्वयंपाकघरात आला, स्वतःहून फ्रीझर उघडला, बर्फाचा ट्रे काढला आणि बेसिनपाशी उभा राहून मुठीत बर्फ धरला. मी बघत होते. अडवलं नाही. त्याचं त्याला बघायचं होतं. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मुलगी पाणी प्यायला आली आणि दारात थांबली.

“डॅडी, व्हॉट आर यू डूइंग? स्टॉप इट.”

“एक मिनिट,” तो म्हणाला.

त्याने मूठ उघडली. मग शर्टाचं बटण लावायचा प्रयत्न केला. बटण काजातून जाईना. मुलगी पुढे आली, त्याने मानेनेच नको म्हटलं. बऱ्याच वेळाने तो हात पुसत बाहेर गेला, आणि मुलीने माझ्याकडे बघितलं. “फ्रीझरला हात लावत नाही म्हणालीस ना,” मी तिला म्हटलं, “ते हेच.” तिने बर्फाचा ट्रे पुन्हा भरून आत ठेवला. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळी तो फोन घेऊन गॅलरीत गेला. दार लोटलं होतं, तरी त्याच्या बाजूचं ऐकू आलं.

“हो सर. नाही, औषधाने लगेच नाही... नाही सर, चेन बरोबर होती.” मग पलीकडून काही विचारलं असावं. “चेन बरोबर होती,” तो पुन्हा म्हणाला.

मी माझा फोन पर्समध्ये टाकला आणि कामाला गेले.

देऱ्यातल्या डॉक्टरने त्याची बोटं बघून तेच सांगितलं जे आम्हाला गोदामात कळलं होतं. वर्षानुवर्षं थरथरणारं यंत्र धरून बोटांच्या रक्तवाहिन्या बिघडतात, थंडी लागली की मिटतात. गरम देशात राहा, ग्राइंडर धरू नका. नवऱ्याने विचारलं, “मग धरू काय?” डॉक्टरने औषधाची चिठ्ठी लिहून दिली.

जहाज दोन दिवसांत निघणार होतं. कंपनीने कोचीहून दुसरा फिटर पाठवला. तो विमानतळावरून थेट वर्कशॉपला आला, बॅग हातात. नवऱ्यापेक्षा वीतभर उंच, त्यामुळे सूट बदलावा लागला. सेफ्टी ऑफिसर म्हणाला की वेळ नाही, जहाजावर सराव देऊ. मी म्हटलं की गोदाम मागच्याच रस्त्यावर आहे. त्याने थोडा विचार केला आणि मान डोलावली.

त्या दिवशी शुक्रवार नव्हता. मुकादमाकडे माल उतरत होता. तो कुरकुरला, “ताई, आता हे रोजचं झालं,” आणि एका हमालाला बाजूला घेऊन दार मोकळं केलं. मी वळले तर माझा नवरा मागे उभा होता. त्याला मी बोलावलं नव्हतं. देऱ्याहून मेट्रो आणि टॅक्सी करून आला होता.

“कडीवर कोण उभं राहणार?” त्याने विचारलं.

“तूच रहा.”

नव्या फिटरने हात बादलीत बुडवले आणि श्वास आत ओढला. नवऱ्याने त्याला हिंदीत सांगितलं, “चेन खींचने से पहले गर्दन ऊपर करो. और जल्दी मत करो, जल्दी में छूटता है.” तो आत गेला. पट्ट्या हलल्या, धूर बाहेर आला. नवरा दाराची कडी धरून उभा. आत बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

“फास?”

“ओढला. टेप फाटली.”

“मोजे?”

“घातले. थांब.”

हमाल खोकी खाली ठेवून बघत उभे होते. मुकादमाने त्यांना हाकललं नाही.

“चेन?” नवऱ्याने विचारलं.

“छातीवर आहे. थांब.” मी घड्याळ बघितलं. “लागली.”

त्याने दार पूर्ण उघडलं. नवा फिटर लाल सूटमध्ये बदकासारखा चालत बाहेर आला, पापण्यांवर पांढरं साचलेलं. उन्हात पाऊल टाकताच सूटवरून वाफ निघायला लागली.

“पास?” मुकादमाने विचारलं.

“पास.”

फिटर सूटच्या आत घुसमटत होता. त्याची बोटं बधिर झाली होती, सूटमधून स्वतःला सोडवता येईना. तो आमच्याकडे बघून हात हलवायला लागला. नवऱ्याने कडी सोडली, पुढे गेला, खुंटी चिमटीत धरली आणि चेन गळ्यापासून पोटापर्यंत एका ओढीत खाली आणली. बाहेरच्या उन्हात त्याची बोटं व्यवस्थित चालत होती.